गोंगाट : निवडलेला आणि लादलेला

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, लाकूडतोडीवर जगणाऱ्या एका भागात, १९८३ साली ‘मेल्व्हिन्स’ हा रॉक वाद्यवृंद जन्माला आला. १९९२ मध्ये त्याने ‘लायसॉल’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. सुमारे अर्ध्या तासाची ही मुद्रिका जवळजवळ अखंड वाजते. आरंभीची दहा मिनिटे तर खर्जात उतरवलेल्या गिटारचे संथ, प्रचंड आघात आणि ढोलांचे ठोके यांवाचून फारसे काही कानी पडत नाही. या संगीतप्रकाराला ‘स्लज’, म्हणजे गाळ, असे नाव पडले आहे आणि ते सार्थ आहे. सोलापूर-विजयपूर मार्गावरील मंद्रूपच्या विद्यार्थ्यालाही आज हे संगीत मोबाइलवर ऐकता येते. ते खोलीबाहेर आले, तर घरातील वडीलधारी मंडळी त्याला गोंगाटच म्हणतील.

या गोंगाटाचे कूळ मात्र पाहण्याजोगे आहे. त्याचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडतो. तेथील टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याची बोटे नेमकी हीच होती. पुढे त्याने तारा सैल करून स्वर खाली उतरवला, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या वृंदाचा तो जड नाद अनेकांनी उचलला. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचे आयुष्य गेले, त्या सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. श्रमाच्या आवाजाला कोणी आकार देऊ पाहत असेल, तर तो आवडो वा न आवडो, त्याला कला म्हणावे लागते.

मग समाजाने आक्षेप कशाला घ्यावा? आवाज किती मोठा आहे, या प्रश्नाइतकाच त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘लायसॉल’ ऐकणारा आपला पैसा, आपला वेळ आणि आपले कान खर्च करतो. नकोसे झाले की बंद करतो. वरातीत वा मिरवणुकीत ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते, तेव्हा आयोजक केवळ भाडे देतात. उरलेला खर्च तान्ह्या मुलाची आई, हृदयविकाराचा रुग्ण आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थी भरत असतात. दुसऱ्याच्या माथी मारलेल्या अशा खर्चाला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. करणाऱ्याला ज्याची झळ लागत नाही, ते प्रमाणाबाहेर वाढते, हा त्या शास्त्राचा साधा सिद्धान्त आहे.

कायदा याबाबत मुका नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. डेसिबलचे गणित फसवे असते : ५५ वरून १०० वर गेलेला आवाज दुप्पट नसतो, त्याची ऊर्जा तीस हजार पटींहून अधिक असते. बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकण्यास भाग पाडण्याचा अधिकार येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निर्णयाचा आशय आहे.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले, उत्सवाला दणका हवाच. हवा तर खरा. पण हलगी वाजवणाऱ्याचे हात थकतात, तो थांबतो, पाणी पितो. माणसाच्या दमाने त्या आवाजाला आपोआप मर्यादा पडते. यंत्राला दम लागत नाही, म्हणून त्याची मर्यादा माणसांनाच ठरवावी लागते. दुसरे उत्तर रोजगाराचे. तेही रास्त आहे; परंतु कर्ण्यांची संख्या आणि आवाज आटोक्यात आणल्याने हा व्यवसाय बुडत नाही; चढाओढ मात्र थांबते.

खरी अडचण अंमलबजावणीची आहे. शहरात निनावी राहून पोलिसांकडे तक्रार करता येते. मंद्रूपसारख्या गावात वरात शेजाऱ्याची असते, नाही तर भावकीतली. तक्रार केली की नाव फुटते आणि संबंध तुटतात. म्हणून हा भार एकट्या नागरिकावर टाकणे अन्यायाचे आहे. ध्वनिवर्धक किती, मार्ग कोणता, बंद करण्याची वेळ कोणती, हे ग्रामसभेने हंगामापूर्वीच ठरवावे आणि मंडळांनी व वरपक्षांनी ते लेखी मान्य करावे. मोजणी पोलिसांनी आपणहून करावी. कोणी दार ठोठावण्याची वाट पाहू नये.

त्याचबरोबर, ज्या तरुणांना कर्कश संगीत प्रिय आहे, त्यांना महाविद्यालयाचे बंदिस्त सभागृह अधूनमधून द्यायला हरकत नसावी. तेथे जो जाईल, तो आपल्या इच्छेने जाईल, आणि नको वाटले तर उठून बाहेर पडू शकेल. आपल्या घरात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ती सोय नसते.