सुएझ आणि सावकार

सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाला या २६ जुलैला सत्तर वर्षे होत आहेत. १९५६ मध्ये त्या संध्याकाळी अलेक्झांड्रियाच्या मनशिया चौकात इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर बोलायला उभे राहिले. रेडिओवरून सारा इजिप्त ऐकत होता. भाषणात कालवा खोदवणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्सचे नाव पुन्हा पुन्हा येत होते, कारण ती ठरलेली खूण होती. नाव कानी पडताच या कामगिरीवर नेमलेले महमूद युनूस आणि त्यांचे सहकारी कालवा कंपनीच्या कचेऱ्यांत शिरले. आठवडाभरापूर्वी अमेरिकेने अस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत काढून घेतली होती. धरणाचा पैसा आता कालव्याच्या उत्पन्नातून उभा करू, असे नासर यांनी जाहीर केले.

या कंपनीचे मुख्यालय पॅरिसला होते आणि जवळपास ४४ टक्के भाग ब्रिटिश सरकारकडे. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या इजिप्तच्या शासकाने, खेदिव इस्माईलने, १८७५ मध्ये ते विकायला काढले, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने रॉथशिल्ड पेढीकडून ४० लाख पौंड उचलून ते पदरात पाडून घेतले. १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली आणि तिच्याबरोबर हिंदुस्थानी पलटणीही. आधी कर्ज, मग भाग, मग फौज, या क्रमाने इजिप्त गेला होता. १९५६ मध्ये ब्रिटनही त्याच पायरीवर येऊन उभा आहे, हे पंतप्रधान अँथनी ईडन यांना उमगले नाही.

नासर यांची खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. कालव्याच्या अरुंद पात्रातून परक्या जहाजाला सुखरूप पार नेणे हे पायलटचे काम. वारा, प्रवाह आणि समोरचे जहाज यांचा अंदाज चुकला, तर एकच बोट आडवी होऊन सारी वाहतूक ठप्प होते. बहुतेक पायलट युरोपीय होते आणि कंपनीच्या सांगण्यावरून ते एकदम काम सोडून गेले. इजिप्शियनांना हे झेपणार नाही, कालवा आपोआप बंद पडेल, असा लंडन-पॅरिसचा होरा होता. इजिप्शियन पायलटांनी, मागे राहिलेल्या ग्रीकांनी आणि बाहेरून आलेल्या काहींनी जादा पाळ्या केल्या आणि जहाजे जात राहिली. चौकातल्या भाषणापेक्षा या पाळ्यांचे मोल आम्हाला अधिक वाटते. ताबा मिळवणे एका संध्याकाळचे काम होते. तो टिकला कारण काम येणारी माणसे देशात होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसजवळच्या सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्त करार केला. इस्रायलने हल्ला करायचा आणि मग कालवा वाचवण्याच्या मिषाने इतर दोघांनी फौजा उतरवायच्या, असे ठरले. लष्करीदृष्ट्या बेत बराचसा साधला. पोर्ट सैद पडले आणि फौजा दक्षिणेकडे सरकू लागल्या, पण तोवर पौंड घसरू लागला होता. डॉलरचा साठा आटत होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून उचल घ्यायची तर अमेरिकेची संमती हवी, आणि युद्ध थांबल्याखेरीज ती द्यायला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तयार नव्हते. मोहिमेचे कट्टर समर्थक असलेले अर्थमंत्री मॅकमिलन यांनीच मंत्रिमंडळाला पैशाची अवस्था सांगितली. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तोफा थांबल्या. फौजा मायदेशी निघाल्या तेव्हा, डिसेंबरमध्ये, नाणेनिधीचे पैसे सुटले. जानेवारीत ईडन गेले.

ज्या नाणेनिधीने हे घडवले, त्याची पायाभरणी १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत झाली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चापोटी ब्रिटनकडे भारताचे प्रचंड येणे साचले होते. ते पुढे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. ते सोडवण्याची वाट या नव्या निधीत असावी, अशी भारताची मागणी होती आणि ब्रिटनच्या बाजूने केन्स यांनी ती मान्य केली नाही. राज्य करणारा देश आपल्याच अंकित देशाचा ऋणको झाला होता, हे त्या परिषदेत उघड दिसले. 

जागतिक लोकमताने सुएझ वाचवले असे अनेकदा लिहिले जाते. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने ६४ आणि विरोधात ५ मते पडली, हे खरे. पण त्याच आठवड्यात रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, आमसभेने त्याविरुद्धही ठराव केला आणि रणगाडे हलले नाहीत. ब्रिटनच्या डोक्यावर सावकार होता, रशियाच्या डोक्यावर कोणी नव्हता. हंगेरीत मुक्त निवडणुका घ्याव्यात, या ठरावावर भारताने विरोधी मत दिले, याचे शल्य आजही आहे. सुएझच्या वेळी आपला शब्द जगभर मानला गेला होता. त्या शब्दामागे पैसा नव्हता, फौज नव्हती. होता तो निःपक्षपातीपणाचा लौकिक, आणि तोच आपण त्या मताने उणा केला.

तो सावकारी धाक आज अधिक धारदार झाला आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. युद्ध त्याने थांबले नाही, पण आपली गंगाजळी नेमकी कुठे ठेवावी, याचा विचार प्रत्येक देश तेव्हापासून नव्याने करतो आहे. धाक केवळ पैशाचाच असतो असेही नाही. चीनने २०२५ मध्ये दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर परवाने लावले आणि भारतातल्या मोटार कारखान्यांनाही चुंबकांची चणचण जाणवू लागली.

आपल्या बंदरांकडेही याच नजरेने पाहायला हवे. पालघरच्या किनाऱ्यावर सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चून वाढवण बंदर होते आहे. तिथल्या मच्छीमारांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत आणि ते आधी सुटले पाहिजेत. बंदर उभे राहीलही. पण आपला बहुतेक आयात-निर्यात माल परदेशी जहाजांतून जातो, भाडे डॉलरमध्ये चुकते होते आणि जहाजांच्या विम्याचा मोठा भाग आजही लंडनमध्ये ठरतो. साम्राज्य गेले तरी ब्रिटनने ही पेढी सोडलेली नाही. धक्क्यांवर खर्च होणाऱ्या रकमेचा एक वाटा भारतीय जहाजबांधणीला, खलाशी आणि पायलट यांच्या प्रशिक्षणाला आणि देशी सागरी विम्याला मिळाला पाहिजे, आणि ती तरतूद वाढवणचे पहिले जहाज लागण्याआधी व्हायला हवी.