लावणाऱ्याची मजुरी, काढणाऱ्याची मजुरी

स्टीलच्या नव्या ताटावरचं लेबल ज्याने कधी नखाने खरवडलं नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. रुखवतातली भांडी असोत की वास्तुशांतीला आहेरात आलेले डबे, लेबल नेमकं तिथेच चिकटवलेलं असतं जिथे वरण वाढायचं. नखाने ओढलं तर अर्धं येतं, अर्धं राहतं, आणि जे राहतं ते पुढे दोन वर्षं काळं होत राहतं. आमच्या घरात सौ.ची युक्ती ठरलेली आहे. ताट गॅसवर उलट बाजूने जरा तापवायचं आणि टोक धरून सावकाश ओढायचं. अख्खं लेबल हातात येतं.

पण प्रत्येक चिकटलेली गोष्ट गॅसवर धरता येत नाही. यंदा मे महिन्यात आमच्या अंगणात दोन दिवस जो उद्योग चालला, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं. नवीन लावायला आपण आनंदाने पैसे मोजतो. जुनं काढायला मोजत नाही. आणि त्यामुळे माणसाच्या हाडावर बेतू शकतं.

उद्योग होता नातवाच्या सायकलच्या चाकाचा. तो पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात सायकल चालवतो. (त्याची आई म्हणते की हे उलट आहे.) २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली. ती सुमारे ४,८०० किलोमीटरची. २०१७ साली तीच शर्यत लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पुरी केली. एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून मराठी घरांतून सायकल हा गंभीर विषय झाला आहे, आणि कार्बनची चाकं हा त्याहून गंभीर. किंमत ऐकून मी पुन्हा विचारली नाही.

तर हा नातू नांदुऱ्याला गाडीतून उतरला तो पाठीवर बॅग आणि दोन हातांत दोन चाकं घेऊन. म्हणाला, "आबा, तुमच्याकडे वेळ आहे ना?" निवृत्त माणसाकडे वेळ असतो ही समजूत कोणी पसरवली देव जाणे.

आता ही भानगड काय ते सांगतो. नोकरीला लागल्यावर मी जी काळी सायकल घेतली, तिच्या लोखंडी रिममध्ये ट्यूबखाली एक रबरी पट्टी असे. स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत एवढंच तिचं काम. तिला गोंद नव्हता. बोट घालून ओढली की निघाली. नव्या सायकलींत पुष्कळदा ट्यूबच नसते. टायर आणि रिम मिळूनच हवा धरतात. पण रिमला स्पोकसाठी वीस-चोवीस-अठ्ठावीस भोकं असतात, त्यातून हवा जाणार. म्हणून रिमच्या आतल्या खोबणीत पातळ प्लास्टिकची चिकटपट्टी गोल फिरवून लावतात. हवा राहणं न राहणं सगळं त्या पट्टीवर. ती कडेला जरा उचलली गेली की हवा भोकांतून पोकळ रिममध्ये शिरते आणि तिथून बाहेर.

नातवाच्या पुढच्या चाकाचं हेच झालं होतं. पुण्यातल्या एका दुकानात पट्टी बदलून घेतली. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष एका दुकानाचा नाही असं माझं मत आहे, ते पुढे येईल. पट्टी बदलणाऱ्याने जुनी ओढून काढली आणि तिचा गोंद जिथल्या तिथे ठेवून वरून नवी लावली. तीन आठवड्यांनी बोपदेव घाट उतरताना चाक मऊ पडायला लागलं. पोरगा थांबला वेळेवर. हे त्याने आम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. चाक अंगणात मांडल्यावर, खाली बघत, सांगितलं. सौ. उठून आत गेली.

गोंद आणि उतार यांचं वैर जुनं आहे. २००३ साली फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, गॅप गावाकडे जाणाऱ्या उतारावर, उन्हाने डांबर वितळलं होतं. जोसेबा बेलोकी हा स्पेनचा स्वार दुसऱ्या क्रमांकावर होता. ब्रेक दाबताना त्याचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून सुटला आणि तो असा आदळला की मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. त्या काळी शर्यतीचे टायर रिमला गोंदाने चिकटवलेले असत, त्यामुळे तो प्रकार आमच्यासारखाच होता असं नाही. पण रिमवरचा गोंद ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही, हे कळायला तेवढं पुरे.

चिकटपट्टीचा गोंद हा स्वभावाने वेगळा असतो. बाभळीचा डिंक वाळतो, सिमेंट धरतं. पट्टीचा गोंद मात्र कधीच वाळत नाही. तो कायम अर्धवट ओला, म्हणजे अतिशय घट्ट काकवीसारखा. दाबलं की धरतो. अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या माणसाने १९२५ साली मोटारी रंगवणाऱ्यांसाठी कागदी चिकटपट्टी केली आणि १९३० साली पारदर्शक पट्टी. रंगारी पट्टी लावून काढू शकावा हाच पहिल्या पट्टीचा हेतू होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण दिवस गेले, उष्णता लागली, की ही काकवी हळूहळू पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या ग्रंथालयात सेलोटेप लावून 'दुरुस्त' केलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. पट्टी गळून पडते, गोंद मागे राहतो आणि कागद पिवळा पडून गिळला जातो. पुस्तकाचं जे होतं तेच रिमचं.

बरं, मग गोंद काढायचा कसा? आमच्या गावातला सायकलवाला माझाच विद्यार्थी. चाक पाहून त्याने पहिल्यांदा ते बोटावर तोललं आणि हसला. मग म्हणाला, "गुर्जी, घासलेट मारतो न, एका मिन्टात निघते." नातू ओरडलाच. घासलेटाने गोंद निघतो हे खरं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर नवी पट्टी धरत नाही. पेट्रोल त्या उन्हात अंगणात उघडं ठेवण्याची कल्पनाच नको. रंग काढायचं जे औषध मिळतं ते तर मुळीच नाही, कारण कार्बनची रिम म्हणजे केसाहून कितीतरी बारीक धागे राळेत, म्हणजे इपॉक्सीत, बसवलेले असतात, आणि ते औषध राळेलाच खातं. गरम हवेची बंदूकही नको. राळ ठराविक उष्णतेपुढे मऊ पडते. केस वाळवायच्या यंत्राची ऊब मात्र चालते. (आणि मे महिन्यात जळगाव जामोदला तेही लागत नाही. चाक पाच मिनिटं ओसरीबाहेर ठेवलं की झालं.) ब्लेड आणि स्क्रू ड्रायव्हर ही दोन हत्यारं मी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. धागा एकदा कापला की तो जोडता येत नाही, आणि स्पोकच्या भोकांच्या कडा सगळ्यांत नाजूक.

उरलं काय? हात. आणि इथे त्या सायकलवाल्याने आम्हा दोघांना शिकवलं. वरची पट्टी त्याने झटका देऊन ओढली नाही. मागे दुमडून, रिमला जवळजवळ चिकटून, बोटभर-बोटभर काढली. त्यामुळे निम्मा गोंद पट्टीबरोबरच आला. उरलेल्यावर त्याने नव्या चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून ठपठप दाबला. काट्याने काटा काढतात तसं गोंदाने गोंद. मग अंगठ्याने घासत घासत त्याच्या मळासारख्या बारीक गोळ्या केल्या. जिथे हटेना तिथे मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरकं धरून लोटलं.

तरी काही डाग बसले होतेच. तिथे तेल लागतं. संत्र्याच्या सालीतलं तेल यासाठी फार चांगलं. साल फुगवलेल्या फुग्याजवळ दाबली की फुगा फुटतो, हा खेळ वर्गात सगळ्यांनी केला असेल. तो फुटतो कारण ते तेल रबराला विरघळवतं. अशाच तेलाची गोंद काढायची बाटली विकत मिळते. विदर्भात संत्र्याला तोटा नाही, पण मे महिन्यात कुठून आणायची? मग घरातलं नीलगिरीचं तेल काढलं. फडक्याला लावून, डागावर धरून, दहा मिनिटं थांबायचं. रिमवर ओतायचं नाही, भोकांतून आत जातं. नंतर भांड्याच्या साबणाच्या ओल्या फडक्याने तेल पुसायचं आणि शेवटी औषधाच्या दुकानात मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनातली सॅनिटायझरची बाटली उरली होती म्हणून सौ.ने आणून दिली, ती नातवाने परत केली. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं आणि ते रिमवर राहतं. बोट फिरवल्यावर कर्र वाजलं पाहिजे, ही सायकलवाल्याची परीक्षा. पांढरं फडकं पांढरं राहिलं पाहिजे, ही नातवाची. दोन्हींत उत्तीर्ण व्हायला एका चाकाला अडीच तास लागले.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. किती झाले विचारल्यावर सायकलवाला म्हणाला, "चाळीस द्या गुर्जी. टाकलं तं काहीच नाही न, नुसतं पुसलं."

नुसतं पुसलं! अडीच तास मान मोडून बसलेला माणूस स्वतःच म्हणतो की हे काम नव्हे. नातवाने पुण्याचं बिल मोबाईलवर काढून दाखवलं. त्यात पट्टी होती, आतलं औषध होतं, व्हॉल्व्ह होता, बसवण्याची मजुरी होती. सफाईची ओळच नव्हती. म्हणून मी म्हणतो, दोष एका दुकानाचा नाही. ज्या कामाला बिलात ओळ नाही ते काम घाईच्या दिवशी कोण करील? आणि ओळ घातली असती तर आमचाच नातू म्हणाला असता, "एवढे कशाचे?" त्याने हे कबूल केलं, हसत का होईना.

घराला रंग देताना हेच होतं. रंगाचा भाव आपण चार दुकानांत विचारतो, पण जुने पोपडे खरवडायचे पैसे म्हटले की कपाळाला आठी. मग रंगारी पोपड्यांवरूनच कुंचला फिरवतो आणि पहिल्या पावसात भिंत सोलते. भिंत सोलली तर शोभा जाते. चाक सोललं तर घाटात पोरगं पडतं.

पट्टी विकणाऱ्यांचंही मला कळत नाही. डबीवर लावायची कशी याची चार चित्रं आहेत. काढायची कशी याचं एकही नाही. मराठी तर सोडाच, कुठल्याच भाषेत नाही. ज्या वस्तूचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं आहे, ती निघणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. एक चित्र वाढवायला काय लागतं?

सायकलवाल्याला मी तीनशे दिले. तो घेत नव्हता. शेवटी मी त्याला वहीचं पान फाडून बिल लिहायला लावलं. 'गोंद काढणे, अडीच तास', अक्षर आठवीत होतं तसंच. नातवाने त्याचा फोटो काढून घेतला, पुण्यातल्या दुकानात दाखवायला.

पुढचं चाक आता हवा धरून आहे. मागचं इथेच खुंटीला टांगलं आहे, त्याचं दिवाळीत बघू. तोवर संत्रीही येतील.