जुन्या कामाचा पत्ता

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील गवंडीकाम करतात. माझ्या फीचे निम्मे पैसे मी वेबसाइट तयार करून मिळवतो, हे वर्गातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दोघे-तिघे मित्र तर आता त्याच वाटेला लागले आहेत. म्हणून ज्या चुकीपायी माझे एक चांगले काम गेले, तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

नवे गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते, "आधी काय केले आहे ते दाखवा." त्यासाठी आपण एका पानावर आपली कामे मांडून ठेवतो. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. माझ्या पानावर चार कामे होती आणि प्रत्येकाखाली त्या-त्या वेबसाइटची लिंक. गेल्या दिवाळीआधी एका कापड दुकानदारांना मी ते पान मोठ्या उमेदीने पाठवले. त्यांनी पहिलीच लिंक उघडली. ती एका खाणावळीची होती. पण तिथे थाळीच्या जागी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! "हे तुम्ही केले का?" एवढेच त्यांनी विचारले. पुढे त्यांचा फोन आला नाही आणि लाजेने मीही केला नाही.

झाले होते ते असे. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांचे पैसे भरून ते घ्यायचे आणि मुदत संपली की पुन्हा भरायचे. खाणावळ बंद पडली, मालकांनी पैसे भरले नाहीत, नाव मोकळे झाले. जुन्या नावावर लोक येतच राहतात, म्हणून जुगारवाले अशी नावे टिपून घेतात. घाबरून बाकीच्या लिंक पाहिल्या. दवाखान्याची उघडेचना. शिकवणीवर्गाची उघडली, पण त्यांनी ती दुसऱ्याकडून पार बदलून घेतली होती. चारांतले एकच काम माझे म्हणून उरले.

ही तऱ्हा माझ्या एकट्याची नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

एक मित्र म्हणतो, "राहू दे की लिंक, कोण बघतो?" मला हे पटत नाही. शिकवणीवर्गाची आजची वेबसाइट माझी म्हणून दाखवणे म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर आपला नंबर घालणे. दुसरा म्हणतो, "काढून टाक." हे बोलायला सोपे! ज्याच्याजवळ चाळीस कामे आहेत त्याने खुशाल काढावीत. माझ्यासारख्याने तीन काढली तर दाखवायचे काय?

माझे मत असे की लिंकच्या भरवशावर राहूच नये. काम सोपवू त्याच दिवशी सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मोबाइलवरचे आणि संगणकावरचेही. ते दाखवायला मालकांची परवानगी घ्यावी. खाली साल घालावे आणि आपण नेमके काय केले ते लिहावे. लिंक असली तर असावी, पण महिन्यातून एकदा ती स्वतः उघडून पाहावी. मी स्क्रीनशॉट ठेवले नव्हते. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून जुनी वेबपाने जपून ठेवते. तिच्या वेबॅक मशीनवर खाणावळीचे पहिले पान सापडले, तेही अर्ध्या छायाचित्रांविना.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते हसले. नव्या माणसाला जुने बांधकाम दाखवायचे असले की आदल्या संध्याकाळी ते स्वतः तिथे चक्कर मारून येतात. ओल आली का, काही तोडफोड झाली का, पाहतात. एका घरावर मालकाने दुसऱ्या गवंड्याकडून मजला चढवला. तेव्हापासून ते घर दाखवताना ते आधीच सांगतात, "खालचे माझे, वरचे नाही."

आता माझ्या पानावर एकच लिंक आहे. खाणावळीचे ते अर्धेमुर्धे चित्र मात्र ठेवले आहे. खाली लिहिले आहे : "बारावीत असताना केलेले काम. वेबसाइट सध्या बंद."