नाव खोडलं, चेहरा राहिला

प्लेगच्या लशीची गोष्ट आमच्या भायखळ्यातली आहे, हे इथल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हाफकिनसाहेबांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. टोचलेल्यांत आजारी कमी पडले. (कैद्याच्या ‘तयारी’ला कितपत तयारी म्हणायचं, हा वेगळाच विषय. असो.) त्या धडधाकट माणसांचे पुढे आकडे झाले आणि आकडे जगभर गेले. आकड्याला नाक-डोळे नसतात, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

हे आठवलं ते भाचीमुळे. एका संशोधनासाठी निरोगी माणसांच्या मेंदूचा एमआरआय काढायचा होता. फॉर्ममध्ये लिहिलं होतं की नाव काढून टाकून ही माहिती इतर संशोधकांनाही दिली जाईल. “मामा, देऊ ना?” मी म्हटलं, अवश्य दे.

का दे म्हटलं ते सांगतो. मेंदूत बिघाड काय झालाय हे कळायला आधी धड मेंदू कसा दिसतो ते माहीत हवं. त्यासाठी जगभर वापरला जाणारा एक नमुना माँट्रियलमधल्या १५२ जणांच्या मेंदूंची सरासरी आहे. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली १०० निरोगी भारतीयांवरून नकाशा केला, तेव्हा आपले मेंदू त्या मानाने सरासरीत लहान निघाले. (आकाराने हो, अकलेने नव्हे!) म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांचा मेंदू आक्रसलाय की मुळातच तेवढा आहे, हे परक्या मापाने ठरवायचं? एका संस्थेला शंभर माणसं मिळतात. हजारो हवी असतील तर संस्थांनी एकमेकांना द्यावंच लागेल. कपाटात कुलूपबंद ठेवलेला स्कॅन, देणाऱ्याच्या अर्ध्या दिवसाची माती आहे.

पण ‘नाव काढून टाकू’ हे आश्वासन मला पुरेसं वाटत नाही. एमआरआयमध्ये नुसता मेंदू येत नाही; त्याभोवतीची कातडी, नाक, कानही येतात. चकत्या एकावर एक रचल्या की चेहरा उभा राहतो. मेयो क्लिनिकच्या लोकांनी २०१९ साली ८४ स्वयंसेवकांचे असे चेहरे त्यांच्याच फोटोंशी संगणकाकडून जुळवून पाहिले. ७० जण बरोबर ओळखले गेले! चेहरा पुसणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरायलाच हवीत. पण खुद्द मेंदूतल्या जोडण्यांची ठेवणही बोटाच्या ठशासारखी माणूस ओळखू देते, हे २०१५ सालीच दिसलं आहे.

मग देऊच नये का? तसं मी म्हणत नाही. रुग्णाला निदान बरं होण्याची आशा असते; निरोगी माणूस निव्वळ भलेपणाने त्या धडधडत्या नळीत झोपतो. त्याला खरं सांगा, एवढंच. चेहरा पुसलाय की नाही, माहिती कुणाच्या हातात जाणार, कंपन्यांना मिळणार का, आणि एकदा चारचौघांनी उतरवून घेतली की परत मागता येणार नाही, हे सगळं. आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं समजेल अशा भाषेत सांगा म्हणतात. भाचीच्या फॉर्मचं मराठी मात्र असं होतं की शेवटी आम्ही दोघांनी इंग्रजी पान उघडलं.