एचआरच्या तक्त्यात नसलेला रकाना

बंगळुरूच्या कुठल्याही मोठ्या कंपनीत सगळं मोजलं जातं. कर्मचारी किती वाजता आला, किती तास लॉग-इन होता, तिमाहीत किती जण राजीनामा देऊन गेले, एका भरतीमागे किती खर्च आला, यातल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा एचआरकडे असतो. स्त्रिया किती, हेही असतं. दलित-आदिवासी किती आणि ते कुठल्या पायरीवर आहेत, एवढाच आकडा नसतो. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: 'आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो.'

मी या शहरात समाजशास्त्राची संशोधक आहे. माझं म्हणणं असं की जात न मोजणं म्हणजे तटस्थ राहणं, हा दावा तपासायला हवा. जे मोजलंच नाही त्याचा जाब कुणी विचारू शकत नाही, आणि कंपन्यांना हे सोयीचं आहे.

यावर अर्थशास्त्रातला एक जुना युक्तिवाद पुढे येतो. गॅरी बेकर यांनी 1957 साली मांडलं की भेदभाव करणाऱ्या मालकाला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून स्पर्धेत तो मागे पडतो. थोडक्यात, बाजार वाढू द्या, जात आपोआप मागे सरेल. उदारीकरणानंतर तीन दशकं उलटली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा होता. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावासाठी 0.67 आणि मुस्लिम नावासाठी 0.33 निघालं. म्हणजे मुलाखतीच्या आधीच, कागदावर, चाळणी लागलेली. वरच्या टोकाला काय चित्र आहे? 2012 साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आलेल्या अभ्यासात 1000 कंपन्यांच्या संचालक मंडळांतले सुमारे 93 टक्के सदस्य उच्चजातीय होते. अनुसूचित जाती-जमाती मिळून 3.5 टक्के.

हे घडवायला कुणा खलनायकाची गरज लागत नाही. एचआरच्या रोजच्या पद्धती पुरेशा आहेत.

पहिली पद्धत रेफरलची. कर्मचाऱ्याने ओळखीचा उमेदवार आणला की त्याला बोनस मिळतो. कंपनीला हे स्वस्त पडतं. पण माणूस कुणाला ओळखतो? शाळेतले, सोसायटीतले, नात्यातले. या ओळखी जातीबाहेर फारशा जात नाहीत. ज्याच्या घरातून आधी कुणी ऑफिसात गेलेलं नाही, त्याच्यासाठी रेफरलचा दरवाजा भिंतच असतो.

दुसरी पद्धत मुलाखतीतली. कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून दाखवलं की मेरिटच्या गोष्टी करणारेच 'फॅमिली बॅकग्राउंड' आवर्जून विचारतात. चांगलं घर म्हणजे चांगला कर्मचारी, असा हिशोब. वडील वीटभट्टीवर कामाला आहेत, हे उत्तर देणाऱ्या मुलाच्या कोडिंगबद्दल त्यातून काय कळतं? काहीच नाही. पण समोरच्याला हवं ते कळलेलं असतं. नांदेड-सोलापूरकडून आलेल्या आपल्या पोरांना आधी वाटतं की इथे आडनावावरून कुणी ओळखणार नाही. मग कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारतं, 'घरी नॉनव्हेज चालतं का? मूळ गाव कुठलं? पूर्ण नाव काय?'

तिसरी पद्धत रेटिंगची. ठरावीक टक्के कर्मचारी 'खालच्या' गटात टाकलेच पाहिजेत, ही सक्तीची उतरंड मायक्रोसॉफ्टने 2013 साली आणि इन्फोसिसने त्यानंतर सोडली. पण मॅनेजर बंद खोलीत बसून आपापल्या माणसासाठी भांडतात, ही रीत अनेक ठिकाणी कायम आहे. ज्याच्यासाठी भांडायला कुणी नाही, त्याच्या शेऱ्यात 'कम्युनिकेशन सुधारावे' असं लिहिलं जातं. इंग्रजी उच्चाराला दिलेलं हे सभ्य नाव आहे.

आणि तक्रार कुठे करायची? लैंगिक छळाविरुद्ध 2013च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती लागते, त्यात बाहेरचा सदस्य लागतो. अपंग व्यक्तींसाठी 2016च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण बंधनकारक केलं. जातीसाठी असं काहीच नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण तो फौजदारी कायदा आहे. रोखलेली बढती त्यात बसवणं अवघड. जातिवाचक अपमानही 'लोकांच्या नजरेसमोर' झालेला असावा लागतो. 2020 साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींआडच्या, साक्षीदार नसलेल्या अपमानात ही अट पूर्ण होत नाही असं म्हटलं. मॅनेजरची केबिन म्हणजे चार भिंतीच की. जून 2025मध्ये एका विमान कंपनीच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने जातिवाचक अपमानाची तक्रार बंगळुरूत पोलिसांकडे केली. कंपनीत वरपर्यंत सांगून उपयोग झाला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीने आरोप फेटाळले. कोण खरं ते तपासात ठरेल. पण कंपनीच्या आत बाहेरचा सदस्य असलेली समिती असती, तर पहिली पायरी पोलीस ठाण्याची नसती.

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. कॅलिफोर्नियात 2020 साली सिस्कोवर जातिभेदाचा खटला झाला आणि त्यानंतर अ‍ॅपलने आपल्या आचारसंहितेत 'जात' हा शब्द घातला. सेबीच्या नियमानुसार वरच्या 1000 सूचिबद्ध कंपन्या दरवर्षी कर्मचाऱ्यांची लिंगनिहाय आणि अपंगत्वनिहाय आकडेवारी जाहीर करतात. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवायचा आहे. माहिती देणं ऐच्छिक ठेवा, नावं गुप्त ठेवा, पण आकडा जाहीर करा. सगळ्यांना एकसारखेच प्रश्न विचारा, घरचे प्रश्न बंद करा. 2006 साली जे. जे. इराणींच्या कृतिदलाने 'कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू' असं सरकारला सांगितलं होतं. त्या स्वेच्छेला भरपूर वर्षं मिळाली.

तोवर आपण काय करायचं? केबिनमध्ये तोंडी झालेलं बोलणं त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, शक्य असेल तर 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून मेल करा. कमी रेटिंगची कारणं लेखी मागा. आत पोहोचलेल्यांनी रेफरलची लिंक आपल्या कॉलेजच्या, वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकायला लाजू नये. बाकीचे हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्याला ते नेटवर्किंग म्हणतात. आणि नकाराचा मेल आला की लगेच स्वतःच्या इंग्रजीत खोट शोधत बसू नका. ती कधी असेलही. पण ज्या चाळणीने तुम्हाला गाळलं, तिची भोकं कुणी आणि कुणासाठी पाडली, हा प्रश्न आधी विचारायचा आहे, आणि तो एकट्याने विचारायचा नाही.