दोन कनेक्शन असूनही ऑफिसचं नेट बंद का पडतं?

१७ सप्टेंबर २०२४, अनंत चतुर्दशी. लालबाग-गिरगावात विसर्जनाची गर्दी, आणि त्याच दिवशी मुंबईत जिओचं नेटवर्क अनेकांसाठी काही तास बंद पडलं. धडा सरळ वाटतो: दोन कंपन्यांची कनेक्शन घ्या. पण तेवढं पुरत नाही, हे मला परळमध्ये कळलं.

तिथे माझ्या मावसभावाचं पाच जणांचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस आहे. मुख्य ऑफिस, सर्व्हर आणि आयटीवाला, सगळं पुण्याला. इथे फायबर दोन कंपन्यांचं. तरीही एकदा २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, दोन्ही एकदमच गेली! गच्चीवर पाहिलं तर दोन्ही वायरी शेजारच्या चाळीवरून एकत्र बांधून आणलेल्या. तिथल्या दुरुस्तीत दोन्ही तुटल्या. बिलं दोन, रस्ता एकच.

म्हणून बॅकअप ठरवताना आधी विचारा: एका फटक्यात काय काय बंद पडेल?

लाईन: एक फायबर, दुसरी वेगळ्या कंपनीच्या ४जी किंवा ५जी सिमवर. ड्युअल-वॅन राउटर एक गेली की दुसरीवर जातो. पण काही राउटर फक्त वायर जोडलेली आहे का एवढंच बघतात. वायर शाबूत आणि पुढे कंपनीचं नेट बंद असेल, तर ते जुन्याच लाईनला चिकटून बसतात. त्यामुळे ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करून तपासायची सेटिंग चालू करा.

वीज: १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबईची वीज गेली, लोकलसुद्धा थांबल्या. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण फायबरचा डबा, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत. एक जरी राहिला तरी नेट बंद.

राउटर: दोन्ही लाईन शेवटी एकाच राउटरमध्ये येतात. तोच जळला तर? सेटिंग भरून ठेवलेला तसाच दुसरा राउटर कपाटात ठेवा आणि वायरींना लेबलं लावा. मग पुण्याचा माणूस फोनवर सांगेल आणि इथलं कुणीही तो बदलेल.

आणि महिन्यातून एकदा भर कामात फायबरची वायर काढून बघा. भावाने पहिल्यांदा काढली तेव्हा राउटर बरोबर सिमवर गेला. सिमचं रिचार्ज मात्र संपलेलं होतं!