औंध परिसरातील हवाई क्षेत्रावरील तात्पुरते निर्बंध

औंध परिसरातील हवाई क्षेत्रावरील तात्पुरते निर्बंध म्हणजे सातारा जिल्ह्यातील औंध (ता. खटाव) आणि पूर्वी औंध संस्थानात असलेला, आता सांगली जिल्ह्यात मोडणारा आटपाडी भाग येथे यात्रा, जाहीर सभा किंवा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे अशा प्रसंगी ड्रोन, पॅराग्लायडर आदींच्या उड्डाणावर ठरावीक मुदतीसाठी घालता येणारी बंदी होय. अशी बंदी घालण्याचा अधिकार एकाहून अधिक अधिकाऱ्यांना आहे. त्यांचे आदेश वेगवेगळ्या ठिकाणी प्रसिद्ध होतात. त्यामुळे एखाद्या दिवशी औंधचे आकाश मोकळे आहे की नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी मिळत नाही.

पार्श्वभूमी

औंध हे यमाई देवीचे स्थान आहे. देवीचे मूळपीठ गावालगतच्या डोंगरावर असून पौष महिन्यात येथे यात्रा भरते. याच डोंगराच्या परिसरात बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. त्यात राजा रविवर्मा यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे एक शिल्प आहे. अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सवही औंधचाच. एरवी शांत असलेल्या या गावात वर्षातील मोजक्या दिवशी मोठी गर्दी होते, आणि निर्बंधांचा प्रश्नही त्याच दिवसांपुरता उद्भवतो.

ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यांनी देशाच्या हवाई क्षेत्राचे ग्रीन, यलो आणि रेड असे तीन झोन केले. चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, अन्य कोणतेही बंधन नसल्यास, जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतचे (सुमारे १२० मीटर) आकाश ग्रीन झोनमध्ये येते व तेथे उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. कराड आणि कोल्हापूर ही दोन्ही विमानतळे औंधपासून या अंतराच्या बरीच बाहेर आहेत. विमानतळाच्या निकषावर औंधचे आकाश खुले आहे. पुण्यातील औंध उपनगराची स्थिती निराळी आहे. लष्करी आस्थापना आणि लोहगावचा हवाई तळ यांमुळे तेथे निर्बंध नित्याचे आहेत.

बंदीचे दोन मार्ग

ड्रोन नियमांनुसार राज्य शासन, केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन किंवा कायदा व सुव्यवस्था राखणारी यंत्रणा तातडीच्या गरजेपोटी एखाद्या भागावर तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकते. ही घोषणा पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याने करावी लागते. तिची मुदत एका वेळी ९६ तासांहून अधिक असू शकत नाही. ती डिजिटल स्काय या शासकीय संगणकीय मंचावरील नकाशात दाखवावी लागते आणि झोनचे क्षेत्र वाजवी ठेवण्याचा प्रयत्न करावा, असेही नियमांत नमूद आहे. यात्रा चार दिवसांहून अधिक चालली तर घोषणा नव्याने करावी लागेल.

दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली वापरले जात. ग्रामीण जिल्ह्यात असा आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा अन्य कार्यकारी दंडाधिकारी काढतात, तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो अधिकार पोलिसांकडे असतो. त्याची मुदत दोन महिन्यांपर्यंत असू शकते. तो संपूर्ण तालुक्याला किंवा जिल्ह्याला लागू करता येतो. ड्रोन नियमांच्या कक्षेत न येणारे पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगे यांनाही तो लागू होऊ शकतो. सातारा जिल्ह्यात पाचगणी हे पॅराग्लायडिंगचे केंद्र असल्याने हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. आदेशाचा भंग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली शिक्षा होऊ शकते. ड्रोन नियमांच्या भंगासाठी मात्र कमाल एक लाख रुपयांचा दंड आहे.

महाराष्ट्रात वृत्तपत्रांतून वाचनात येणारे ड्रोनबंदीचे आदेश बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्रोन, पॅराग्लायडर, फुगे आदींवर घातलेली बंदी महिनाभराची होती. असे आदेश त्यापूर्वी आणि त्यानंतरही निघत आले आहेत. महानगराच्या सुरक्षेसाठी त्यांचे समर्थन करता येते. परंतु ९६ तासांची मर्यादा आखणाऱ्या नियमाचा हेतू अशा आदेशांपुढे दुबळा ठरतो, हेही नाकारता येत नाही.

नकाशा आणि कागद यांतील अंतर

उड्डाणापूर्वी डिजिटल स्कायवरील सूचना तपासणे हे ड्रोनचालकाचे बंधनकारक कर्तव्य आहे. नियमाने त्याला एवढेच सांगितले आहे. कलम १६३ खालील आदेश मात्र शासकीय कार्यालयांच्या सूचनाफलकावर, पोलीस ठाण्यात, प्रसिद्धिपत्रकात आणि स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध होतो. तो नकाशावर आपोआप उमटत नाही. परिणामी नकाशा हिरवा दिसत असतानाही उड्डाण बेकायदेशीर असू शकते. लग्नाचे चित्रीकरण करणारे छायाचित्रकार आणि पिकांवर फवारणी करणारे ड्रोनचालक यांना याची झळ बसते. देवळापासून कोसभर दूर असलेल्या उसाच्या फडावर फवारणी करणाऱ्याचा यात्रेच्या सुरक्षेशी काहीच संबंध नसतो, तरी तालुकाभर लागू असलेला आदेश त्यालाही बांधतो.

तिसरा स्रोत नोटॅमचा आहे. वैमानिकांसाठीची ही सूचना भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून प्रसृत होते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले, तेव्हा हा शब्द सामान्य वाचकांच्याही परिचयाचा झाला. हेलिकॉप्टर किंवा विमान यांना एखाद्या जागेवरून जाण्यास मनाई करायची असल्यास पोलीस अधीक्षकाचा रेड झोन पुरत नाही, कारण तो केवळ ड्रोनपुरता असतो. त्यासाठी नागरी विमानवाहतूक यंत्रणेमार्फत नोटॅम निघावा लागतो.

नोटॅम वाचताना हमखास होणारी चूक वेळेची आहे. त्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ०३३० ते १२३० अशी नोंद म्हणजे भारतात सकाळी ९ ते सायंकाळी ६. अंतरे सागरी मैलांत असतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जागा अक्षांश-रेखांशांनी सांगितलेली असते, आणि औंधच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी आहे. पुण्याचे औंध आणि साताऱ्याचे औंध यांच्या अक्षांशांत सुमारे एका अंशाचा, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतराचा फरक आहे. केवळ गावाचे नाव लिहिलेली बातमी वाचून निर्णय घेणाऱ्याची गफलत होऊ शकते.

उंचीचा प्रश्नही औंधला वेगळ्या रीतीने भेडसावतो. नियमातील ४०० फूट खालच्या जमिनीपासून मोजायचे असतात, तर ड्रोनच्या पडद्यावर सहसा उड्डाणस्थानापासूनची उंची दिसते. मूळपीठाच्या डोंगरावरून उडवलेले ड्रोन गावावर आले की पडद्यावरचा आकडा तोच राहतो, पण जमिनीपासूनची उंची डोंगराइतकी वाढलेली असते.

प्रत्यक्ष देखरेख

निर्बंध जाहीर झाला तरी तो मोडला जात आहे हे कळणार कसे, हा यातील सर्वांत दुर्बळ दुवा आहे. उड्डाणस्थितीचा तत्काळ माग आणि निषिद्ध क्षेत्रात शिरण्यापासून रोखणारी जिओफेन्सिंग ही वैशिष्ट्ये पुढे कधीतरी अधिसूचित करून सक्तीची करता येतील, एवढीच तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. चीनमधील डीजेआय या मोठ्या ड्रोन-उत्पादक कंपनीने तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या ड्रोनमधील सक्तीचा अटकाव काढून त्याऐवजी केवळ इशारा देण्याची पद्धत स्वीकारली. रेडिओ लहरींवरून ड्रोन हुडकणारी उपकरणे उपलब्ध आहेत, परंतु ग्रामीण पोलीस ठाण्याची भिस्त अजून मुख्यतः बंदोबस्तावरील शिपायाच्या नजरेवर असते. देवस्थान किंवा संयोजक यांना स्वतः जॅमर लावता येत नाही. खासगी व्यक्ती वा संस्थांनी जॅमर वापरणे बेकायदेशीर आहे.

ओळख पटवण्याची सोय नसली की काय होते, हे २०२४ च्या पावसाळ्यात दिसले. पुणे, अहमदनगर, बीड, जालना आदी जिल्ह्यांतील गावांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे घबराट पसरली, चोरांच्या टेहळणीची चर्चा सुरू झाली आणि ठिकठिकाणी ग्रामस्थांनी रात्रीचा पहारा ठेवला.

गर्दीतील घबराट सातारा जिल्ह्याला नवी नाही. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि लागलेली आग यांचा त्यात वाटा होता. न्या. राजन कोचर यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. ड्रोनचा तिच्याशी संबंध नव्हता. डोंगरावरच्या देवळाच्या दाट गर्दीवर एखादे यंत्र कोसळले तर काय घडू शकते, याचा अंदाज मात्र त्या दिवसावरून बांधता येतो. दुसरीकडे, गर्दी कोठे तुंबते आहे हे वरून सर्वांत आधी ड्रोनलाच दिसते. म्हणूनच बंदीच्या आदेशांत पोलिसांच्या देखरेखीला आणि लेखी परवानगी असलेल्या उड्डाणांना सहसा सूट दिलेली असते.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेत ३०,००० किंवा अधिक आसनांच्या क्रीडांगणांवर ठरावीक स्पर्धांच्या वेळी तीन सागरी मैलांच्या परिघात ३,००० फुटांपर्यंत उड्डाणास मनाई असते. ती सामन्याच्या एक तास आधी सुरू होऊन तो संपल्यानंतर एक तासाने उठते. प्रत्येक सामन्यासाठी नवा आदेश लागत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी २६ जुलै २०२४ रोजी शहराभोवतालचे १५० किलोमीटर त्रिज्येचे आकाश सायंकाळी काही तास बंद ठेवण्यात आले होते. भारतीय ड्रोन नियमांत यात्रा किंवा मैदानांसाठी अशी कायम तरतूद नाही. पौषातील यात्रा पंचांगाने वर्षभर आधी ठाऊक असली, तरी तिच्यासाठीचा रेड झोन दरवर्षी नव्याने जाहीर करावा लागतो.

जिल्हासीमा

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी सांगलीत गेली. त्यामुळे एकेकाळी एकाच राज्यकर्त्याच्या अमलाखाली असलेल्या या प्रदेशासाठी आज दोन पोलीस अधीक्षक आणि दोन जिल्हादंडाधिकारी आहेत. साताऱ्याचा आदेश आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथ यात्रेला लागू होत नाही, आणि सांगलीचा औंधला होत नाही. सीमेवरच्या गावात काम करणाऱ्या ड्रोनचालकाला दोन्ही जिल्ह्यांची प्रसिद्धिपत्रके, डिजिटल स्कायचा नकाशा आणि त्या दिवसाचे नोटॅम असे चार ठिकाणी पाहावे लागते.